फॉस्टिना कोवाल्स्का

संत फॉस्टिना कोवाल्स्का (जन्म : २५ ऑगस्ट १९०५, मृत्यू : ५ ऑक्टोबर १९३८) या पोलंडमधील कॅथलिक धर्मभगिनी होत्या. दया हा ईश्वराचा सर्वश्रेष्ठ गुण असून माणसाने विश्वासाने तिचा स्वीकार करावा, हा विचार विसाव्या शतकात त्यांच्यामुळे जगभर पोहोचला.

== जीवन ==

त्यांचे मूळ नाव हेलेना. तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या ग्लोगोव्हिएत्स या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या दहा अपत्यांत त्या तिसऱ्या होत. शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. त्यानंतर त्यांनी लोकांच्या घरी कामे केली. मठात जाण्यास घरून संमती नव्हती. तरीही १९२४ मध्ये त्या वॉर्सास गेल्या. अनेक मठांनी त्यांना नाकारले. अखेर एका मठाने होकार दिला, तोही त्यांनी वर्षभर मोलकरणीचे काम करून काही पैसे साठवल्यावर. १ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांनी त्या मठात प्रवेश केला. वाट चुकलेल्या मुली व स्त्रिया यांना आश्रय देणे हे त्या संघाचे कार्य होते. तेथे फॉस्टिना यांच्या वाट्याला स्वयंपाकघर, बाग व मठाचे दार राखणे हीच कामे आली.

== साक्षात्कार आणि दैनंदिनी ==

२२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्क येथील खोलीत येशूने शुभ्र वस्त्रांत दर्शन दिले, त्याच्या हृदयातून एक तांबडा व एक फिकट असे दोन किरण निघत होते, असे त्यांनी नोंदविले आहे. ते रूप चित्रित करण्याची आज्ञाही झाली. परंतु त्यांना चित्रकला येत नव्हती. व्हिल्नियस येथे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर मिखाउ सोपोच्को यांनी प्रथम त्यांची मानसिक तपासणी करवली आणि मगच १९३४ मध्ये काझिमिरोव्स्की या चित्रकाराकडून चित्र करवून घेतले. ते पाहून फॉस्टिना रडल्या. पाहिलेले सौंदर्य त्यात उतरले नव्हते.

सोपोच्को यांच्याच सांगण्यावरून त्या दैनंदिनी लिहू लागल्या. ते प्रवासात असताना पहिले लेखन त्यांनी जाळून टाकले, म्हणून ते पुन्हा लिहावे लागले. या लेखनातील दया म्हणजे पापाकडे केलेला काणाडोळा नव्हे. न्याय नाकारलेला नाही; पण पापी जितका मोठा तितका दयेवर त्याचा अधिक हक्क, असे त्या मानतात. पुण्य गाठीशी बांधून देवाकडे जाण्याची सवय असलेल्या भाविकाला हे आजही अवघड वाटावे. शिवाय दया मागणाऱ्याने कृती, शब्द किंवा प्रार्थना यांद्वारे शेजाऱ्यावर दया केलीच पाहिजे. मठाच्या दाराशी आलेल्या एका भुकेल्या तरुणाला त्यांनी पावासह गरम सूप दिले. तो निघून गेल्यावर तो येशूच होता असे त्यांना उमगले, ही नोंद याच संदर्भात वाचावयास हवी.

क्षयाने खंगून वयाच्या ३३ व्या वर्षी त्या क्राकूफ येथे निवर्तल्या.

== मृत्यूनंतर ==

१९५९ मध्ये रोमने त्यांच्या लेखनावर आधारित भक्तीच्या प्रसारास मनाई केली. मूळ कागदपत्रे तेव्हा रोमला उपलब्ध नव्हती आणि भाषांतरे सदोष होती. १९६५ मध्ये क्राकूफचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांच्या पुढाकाराने त्यांच्या जीवनाची चौकशी सुरू झाली. १९७८ मध्ये मनाई उठली. त्याच वर्षी वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले. त्यांनीच ३० एप्रिल २००० रोजी फॉस्टिना यांना संतपद दिले व ईस्टरनंतरचा रविवार ईश्वरी दयेचा सण ठरविला.

घरोघरी दिसणारे प्रचलित चित्र मात्र बहुधा काझिमिरोव्स्कीचे नसते. ते आडॉल्फ हिवा यांनी फॉस्टिना यांच्या मृत्यूनंतर काढलेल्या चित्राची प्रत असते.