विश्लेषण : मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज कशी मिळाली?

अक्षय ऊर्जा म्हटले की सौर पॅनल आणि पवनचक्क्या डोळ्यांसमोर येतात. मुंबईच्या गिरण्यांना मात्र पाण्यापासून तयार झालेली वीज १९१५ मध्येच मिळू लागली. या योजनेमागे होते जमशेदजी टाटा.

गिरणीमालक विजेकडे का वळला?
जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. मुंबईत त्यासाठी लांबून कोळसा आणावा लागे, शिवाय धुराचा त्रास होताच.

वीज कशी तयार होते?
लोणावळा परिसरातील पावसाचे पाणी धरणांत साठवायचे, ५०० मीटरहून अधिक उंचीवरून पाइपने खोपोलीत आणायचे आणि त्या दाबाने टर्बाइन फिरवायचे. कोळसा लागतच नाही.

स्वप्न कुणी पूर्ण केले?
१९ मे १९०४ रोजी जमशेदजींचे जर्मनीत निधन झाले, तेव्हा धरणाचे काम सुरूही झाले नव्हते. थोरले चिरंजीव दोराबजींच्या काळात १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले.

किंमत कुणी मोजली?
टाटांच्याच पुढच्या मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे नेते होते. तरीही धरण झाले आणि शेती पाण्याखाली गेली. आज सौर प्रकल्पांसाठी जागा घेतानाही तोच प्रश्न उभा राहतो : वीज शहराला, पण जमीन कुणाची?