खाणीतल्या पाळणाघराचा कायदा आणि बाबासाहेब

बाबासाहेब म्हटले की आपल्याला महाड आणि संविधान आठवते. पाळणाघर सहसा आठवत नाही. बालकांसोबत काम करताना आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्याचा हा भाग पुन्हा पुन्हा आठवतो.

लेकरू गमावण्याचे दुःख बाबासाहेब आणि रमाई यांनी स्वतः भोगले होते. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. मागे राहिले एकटे यशवंत. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. कामगार स्त्रीची बाळंतपणातली विश्रांती ही त्यांनी राष्ट्रहिताची बाब मानली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले. युद्धामुळे कोळसा कमी पडत होता आणि त्याच वर्षी स्त्रियांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली गेली होती. सरकारचा हा निर्णय कायदेमंडळात बाबासाहेबांनाच मांडावा लागला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

पण आई खाणीत उतरली की लेकरू कुणाजवळ ठेवायचे? हा प्रश्न आईवर सोडला गेला नाही. बाबासाहेबांच्या कारकिर्दीतच, १९४५ मध्ये, खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणमालकांना पाळणाघर काढायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढच्या वर्षी नियम आले. मालकाच्या मर्जीवरची गोष्ट कायद्याच्या कक्षेत आली.

१९४८ च्या कारखाने कायद्याने हाच धागा पुढे नेला. पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पुरेशी जागा, उजेड, खेळती हवा, स्वच्छता आणि बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेली बाई, एवढे सक्तीचे झाले. १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आला. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्याने पन्नास कर्मचारी असलेल्या इतर आस्थापनांनाही पाळणाघर बंधनकारक केले.

आज अनेक पाळणाघरचालकांना तपासणी म्हणजे कटकट वाटते. अटींचा खर्च त्यांना जड जातो हे खरे, आणि त्यासाठी शासनाने मदत करायलाच हवी. पण अटी सैल केल्या तर त्याची किंमत मोजतात ती खडी फोडणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आयांची लेकरे. ती बहुतेक आपल्याच वस्त्यांतली असतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख विचारतो. वस्तीतल्या पाळणाघरात पाणी कुठले, दार कसले, मुले किती आणि सांभाळणाऱ्या बाया किती, हेही तितक्याच हक्काने विचारू या.