कोयनेतली जेलीफिश

बायोलॉजी आपण बारावीतच सोडली. तरी मी आज एका बायोलॉजीवाल्याबद्दल लिहितोय. आमच्या खोपटच्या डेपोतून एसट्या कोकणात जातात, त्याच कोकणातल्या मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. जन्म १८८४.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवताना ते सह्याद्रीत भटकत. साताऱ्याकडे कोयनेच्या खोऱ्यात त्यांना चक्क गोड्या पाण्यातली जेलीफिश मिळाली! तिच्यासारखी तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होती. १९११ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या अ‍ॅनंडेल यांनी तिचं वर्णन छापलं. नाव लिम्नोक्निडा इंडिका. पहिला शब्द आडनावासारखा, तो आफ्रिकेतल्या जेलीफिशचाच. म्हणजे नाव ठेवणं हा नात्याचा दावा असतो. नुसतं दिसणं सारखं असून भागत नाही. पंख वटवाघळालाही असतात, म्हणून तो पक्षी ठरत नाही. सारखेपणा एकाच पूर्वजाकडून आलाय का, हे तपासावं लागतं. आज त्यासाठी डीएनएसुद्धा जुळवून बघतात.

हा जीव इथे आला कुठून? हा प्रश्न आघारकरांनी सोडला नाही. ते जर्मनीत गेले, पहिल्या महायुद्धात तिथे अडकले, पण बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. विषय होता वायव्य भारतातल्या कोरडवाहू वनस्पती कशा पसरल्या, मूळच्या कुठल्या. पुढे कोलकाता विद्यापीठात प्राध्यापकी केली. निवृत्तीच्या वयात, १९४६ मध्ये, पुण्यात नव्या संशोधन संस्थेची धुरा घेतली आणि १९६० मध्ये जाईपर्यंत सांभाळली. आज तिला त्यांचंच नाव आहे.

आपण साठीनंतर काय नवं सुरू करू, बोला!