गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच कुरणात नेली

सुट्टी लागायच्या आत मोबाईलवर मुलांच्या निसर्ग शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. तंबू, जंगल, शेकोटी आणि शेवटी फीचा आकडा. तो बघून नायगावसारख्या गावातले आईबाप म्हणतात, हे काय आपलं काम नाही.

पण मुलांना झाडामातीत, उघड्यावर वाढवायचा प्रयोग महाराष्ट्रात कधीच झालाय. आणि तो झाला सगळ्यात गरीब मुलांसाठी. तो केला ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. त्यामुळे मुलींनी शिकायचं की नाही, हा घरात प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या बीए झाल्या. लग्न झालं, अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. मग नोकरीसाठी त्यांनी राजकोट गाठलं आणि तिथून भावनगर.

भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांना माँटेसरी पद्धतीने शिकवत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे त्या मुंबईत परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केलं.

शहरात नाव झालं होतं. पण माँटेसरीची महागडी साधनं खेड्यातल्या मुलाला कुठून मिळणार, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

म्हणून १९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या बोर्डीला गेल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातलं हे समुद्रकाठचं गाव. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं काही येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवली. हीच अंगणवाडी.

महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, खडे, बिया, पानं आली. मोजायला चिंचोके आणि रंग ओळखायला फुलं.

१९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली समाजाची मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची. घर त्यांच्या राखणीवर चालायचं, त्यामुळे रागावून उपयोग नव्हता. मग शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले. गुरं चरत राहिली आणि झाडाखाली गाणी, गोष्टी, आकडेमोड सुरू झाली. ही कुरणशाळा.

चार भिंतींत जीव घाबरणाऱ्या मुलाला कुरण परकं नव्हतं. झाडं, पाखरं, वाटा त्याला ठाऊक होत्या. जे ठाऊक आहे तिथूनच शिकणं सुरू झालं, की मूल बोलतं, विचारतं, त्याची भीती जाते. आज निसर्ग शिबिरातून आपल्याला मुलांसाठी हेच तर हवं असतं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आज नायगावातही अंगणवाडी आहे. पण नावातलं अंगण किती उरलंय, हे बघायला हवं. मराठवाड्यात दुपारचं ऊन सोसवत नाही, हे खरंच. पण सकाळचे दोन तास, एखादा कडुलिंब, मूठभर बिया आणि मुलांसोबत बसणारं एक मोठं माणूस, एवढं तर जमण्यासारखं आहे. ताराबाईंनी सुरुवात एवढ्यावरच केली होती.