ब्रिटिश कंपनीने भाडं १८ वरून ६ रुपयांवर पाडलं, तरी सोलापूरच्या वालचंद यांनी जहाजं बंद केली नाहीत

५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन असतो. हीच तारीख का? कारण १९१९ साली याच दिवशी ‘एसएस लॉयल्टी’ हे भारतीय कंपनीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ती कंपनी म्हणजे सिंदिया स्टीम नेव्हिगेशन. नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत ती उभी करणारा माणूस होता वालचंद हिराचंद.

१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांमध्ये जम बसवला होता. समुद्रात मात्र त्यांची गाठ पडली लॉर्ड इंचकेप यांच्याशी. किनारी वाहतुकीवर इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीचा ताबा होता.

हा ताबा टिकायचा कसा?

पहिला मार्ग रिबेटचा. व्यापाऱ्याने ठरावीक काळ सगळा माल याच कंपनीकडे दिला, तरच भाड्याचा काही भाग परत मिळायचा. मध्येच दुसऱ्याचं जहाज घेतलं की साठलेला रिबेट बुडाला.

दुसरा मार्ग भाडं पाडण्याचा. सिंदिया रंगूनहून तांदूळ आणू लागली आणि टनामागे १८ रुपयांचं भाडं ६ रुपयांवर आलं. व्यापाऱ्यांचा फायदाच झाला. पण नवी कंपनी बुडाली की भाडं पुन्हा वाढवायला कोण अडवणार होतं? आज एखादं ॲप तोट्यात स्वस्त सेवा देतं, तेव्हाही हाच प्रश्न पडतो.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घ्यायची तयारी दाखवली. सौदा झाला नाही. शेवटी १९२३ मध्ये १० वर्षांचा करार झाला. सिंदियाला किनारी वाहतूक करणाऱ्या कंपन्यांच्या गटात जागा मिळाली, पण ७५ हजार टनांपेक्षा जास्त जहाजं ठेवायची नाहीत, ही अट होती. कंपनी वाचली, वाढ खुंटली. वालचंद यांना हा करार कायम सलत राहिला.

नुसत्या भांडवलावर हे जमणार नाही, कायदा हवा, हे त्यातून दिसलं. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलं. ब्रिटिश सरकारच्या विरोधामुळे त्याचा कायदा झाला नाही.

वालचंद थांबले नाहीत. १९४१ मध्ये त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. तिथं बांधलेली ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूकही भारतीय जहाजांसाठी राखीव झाली.

८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद गेले. ‘लॉयल्टी’च्या पहिल्या सफरीला तेव्हा ३४ वर्षं आणि ३ दिवस झाले होते.