हाती खराटा, मुखी कीर्तन : श्री संत गाडगे महाराज

आपल्या उपनगराचे भाग्य असे की, श्री संत गाडगे महाराजांचे अखेरचे कीर्तन येथेच, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झाले. अक्षरओळख नसलेल्या या पुरुषाचे बोलणे ऐकायला हजारोंनी माणसे का जमत, हे समजण्यासाठी त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुळात झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. लहानगा डेबू दापुऱ्यास आजोळी गुरे राखीत, नांगर धरीत वाढला. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालायचे, ही तेव्हाची रीत. डेबूजींनी पंगतीला गोडधोड वाढले. मंडळी रागावली, पण त्यांनी माघार घेतली नाही. दारूबंदीवरचे त्यांचे पहिले कीर्तन हेच म्हणावे, आणि तेही स्वतःच्या अंगणात, सोयऱ्यांचा रोष पत्करून!

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मडके. गावात शिरताच प्रथम रस्ते व गटारे झाडायची आणि रात्री कीर्तनास उभे राहायचे. कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे मारू नका, शिवाशिव पाळू नका, पोरांना शिकवा, असे ते सांगत. दिवसभर ज्याला आपली घाण उपसताना पाहिले, त्याला उलट उत्तर कोण देणार?

देव दगडात नाही, दीनदुबळ्यांत आहे, असेही ते बजावीत. मंदिराच्या स्मरणिकेत हे लिहिण्यास संकोच कशाला? देणगी देणाऱ्याने व घेणाऱ्याने तर ते अवश्य वाचावे. महाराजांच्या शब्दावर लोकांनी मुक्तहस्ते पैसा दिला. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांची सोय झाली. स्वतः मात्र भाकर मागून खात. संस्थांवर आपल्या वारसांचा व नातेवाइकांचा कसलाही हक्क राहणार नाही, अशी त्यांनी कागदोपत्री व्यवस्था केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली.

वांद्र्याच्या कीर्तनानंतर दीड महिनाही लोटला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीपाशी, मोटारीतच त्यांनी देह ठेवला.