सुपरग्रुपमधला चौथा भिडू

१९६९ साली लंडनमध्ये एक बँड जमला. गिटारवर एरिक क्लॅप्टन, ड्रम्सवर जिंजर बेकर, गायला आणि कीबोर्डवर स्टीव्ह विनवूड. तिघंही आधीच स्टार, त्यामुळे या बँडला सगळे 'सुपरग्रुप' म्हणू लागले. नाव होतं 'ब्लाइंड फेथ'. आणि चौथा? तो होता रिक ग्रेच.

रिक १९४६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला जन्मला, वाढला इंग्लंडमधल्या लेस्टरला. बास गिटार वाजवायचा, व्हायोलिनही. त्याचा 'फॅमिली' हा बँड तेव्हा कुठे नाव कमावत होता. त्यांचा अमेरिका दौरा सुरू असतानाच रिकला सुपरग्रुपचं बोलावणं आलं आणि दौरा अर्धवट टाकून तो निघाला. साथीदारांची पुरती पंचाईत झाली.

७ जून १९६९ ला लंडनच्या हाइड पार्कात ब्लाइंड फेथचा पहिला कार्यक्रम झाला. तिकीट नाही, समोर लाखभर पब्लिक! ऑगस्टमध्ये अल्बम आला. फक्त सहा गाणी, ४२ मिनिटं. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे नंबर वन.

तरी गाडी चालली नाही. स्वतःची गाणी मोजकीच. लोकांना हवी होती क्लॅप्टन-बेकरच्या 'क्रीम' बँडची जुनी गाणी. क्लॅप्टनचंही मन उडालं. २४ ऑगस्टला हवाईत शेवटचा कार्यक्रम झाला आणि खेळ खल्लास. दुसरा अल्बम आलाच नाही.

बाकी तिघांकडे मोठं नाव होतं, ते सावरले. रिक मात्र या बँडमधून त्या बँडमध्ये फिरत राहिला. बेकरच्या 'एअर फोर्स'मध्ये, मग विनवूडच्या 'ट्रॅफिक'मध्ये वाजवलं. ग्रॅम पार्सन्सच्या 'जीपी' अल्बमचा तो सहनिर्माता होता. म्हणजे गुणांची कमी नव्हती. पण व्यसनांनी पाठ सोडली नाही. १९७७ च्या सुमारास संगीत सोडून तो लेस्टरला परतला आणि चक्क गालिचे विकू लागला. १७ मार्च १९९० ला, अवघ्या ४३ व्या वर्षी, तो गेला.

रोडपालीकरांनो, मानसरोवरहून सीएसएमटी लोकल पकडलीत की हा अल्बम लावा. उतरण्याआधी आरामात संपेल. पाचवं गाणं 'सी ऑफ जॉय'. त्यात मध्येच एक व्हायोलिन येतं आणि गाण्याचा रंगच बदलतो. ते वाजवणारा कोण, हे आता तुम्हाला माहितीये.